वेशीत बसलेले जित्राब

जबाब देणार: कुसुमबाई सटवाजी काळदाते, वय ५२ वर्षे, धंदा पिठाची गिरणी व शेती, राहणार मौजे दुधगव्हाण, झरीच्या पुढे, तालुका व जिल्हा परभणी.

मी आज पोलीस स्टेशनला स्वतःच्या पायाने आले आहे, मला कोणी धरून आणलेले नाही. माझे चुलत दीर दिनकरराव काळदाते यांनी माझ्यावर अर्ज दिला आहे. पोळ्याच्या दिवशी मी वेशीत जबरदस्तीने बैल घातले, त्यांच्या अंगावर बैल घातला, तोरण तोडले आणि गावाची रीत मोडली, असे त्यात लिहिले आहे. त्यावरून जमादार साहेबांनी मला समोर बसवून विचारले, म्हणून खरे काय ते सांगते. वर माझ्या नावापुढे मालकांचे नाव आहे ते साहेबांनी आधार कार्डावरून घेतले. मालकांचे नाव मी तोंडाने घेत नाही. या जबाबात पुढे ते नाव आले तर ते दुसऱ्याच्या तोंडचे आहे असे समजावे.

आमच्या गावात काळदात्यांच्या दोन पात्या आहेत. थोरली पाती दिनकररावांची, धाकटी आमची. पोळ्याला बैल सजवून सगळे वेशीत जमतात, मंगलाष्टके होतात, आणि मग मानाची जोडी तोरणाखालून पहिली आत जाते. पहिल्या बैलाने शिंगाने तोरण ओढायचे असते. त्याला आधी ओवाळतात, आधी घास देतात, मग बाकीच्या गावाचे बैल. हा मान एक वर्ष थोरल्या पातीचा, एक वर्ष धाकट्या पातीचा. माझे लग्न होऊन मी गावात आले तेव्हापासून हे असेच बघत आले.

माझे मालक परवाच्या साली कापूस वेचणीच्या दिवसांत छातीत कळ येऊन गेले. आम्हाला एकच मुलगी, भक्ती. ती लग्न होऊन परभणीला असते, औषधाच्या दुकानात कामाला जाते. गेल्या वर्षीचा पोळा आमच्या पातीचा होता. मी आदल्या दिवशी बैलांची खांदेमळणी केली, शिंगांना हिंगुळ लावला, झुली धुतलेल्याच होत्या त्या घातल्या आणि हौशा व पाखऱ्या या दोन बैलांना घेऊन वेशीत गेले. दिनकररावांनी माझ्या हातातला कासरा बघितला आणि सगळ्यांपुढे म्हणाले, “कासरा धरायला घरात गडी न्हाई. मान गड्याचा असतोय. आता ती पाती संपली म्हणायची.”

त्यांनी आपली जोडी पुढे काढली. वेशीत सगळे गाव होते, कोणी त्यांना अडवले नाही. मी बैल घेऊन घरी परत आले. त्या दिवशी आमच्या बैलांना कोणी ओवाळले नाही. पुरण शिजवलेले होते, ते मी सगळे त्या दोघांना चारले. साहेबांनी विचारले की तुम्ही तेव्हा तक्रार का दिली नाही. मालक गेलेल्या घरात रडत बसलेली बाई सगळ्यांना आवडते, तक्रार करणारी कोणाला आवडत नाही, म्हणून दिली नाही. पण मी ते विसरले नाही. दळण दळताना जात्याचा दगड फिरत होता आणि माझ्या डोक्यात तेच फिरत होते. हे लिहून घ्यावे असे मी सांगितले.

दिवाळीनंतर मला साखरेचा त्रास निघाला. डॉक्टरांनी चालायला सांगितले. मी चालत नव्हते. म्हणून भक्तीने माझ्या फोनवर एक खेळ घालून दिला. त्या खेळात नकाशावर आपलेच गाव दिसते आणि चालत राहिले की फोनमध्ये तऱ्हेतऱ्हेची जित्राबे निघतात. ती धरायची, सांभाळायची, वाढवायची. साहेब हसले. मीही आधी हसलेच होते. पण गिरणीत दळण टाकले की बसून राहण्यापेक्षा मी वेशीपर्यंत आणि मारुतीपर्यंत फेऱ्या मारू लागले, आणि ज्या बायका दळण घेऊन येत त्यांनाही तो नाद लागला.

या खेळात गावातल्या काही जागा मानाच्या असतात. आमच्या गावात अशी जागा एकच, ती म्हणजे वेस. तिथे ज्याचे जित्राब बसलेले असेल त्याची वेस. दुसऱ्याने आपले जित्राब आणून लढायचे आणि बसलेल्याला उठवायचे. जिंकले तर वेस त्याची होते आणि हरलेले जित्राब आपल्या मालकाच्या घरी परत येते. त्या वेळी वेशीत दिनकररावांचा मुलगा हरिओम याचे जित्राब बसलेले होते. हरिओम तीस वर्षांचा आहे, झरीला खाजगी शाळेत शिकवतो. त्याचे जित्राब म्हणजे नाकातोंडातून जाळ काढणारा एक रेडा होता. माझ्याकडची ससे-मुंगसे त्याच्यापुढे टिकत नव्हती.

एकदा मी गिरणीच्या दारात उभी असताना दिनकरराव समोरच्या पारावर बसलेले होते. चारचौघे हरिओमचा फोन बघत होते. दिनकररावांनी तो फोन हातात घेऊन वर धरला आणि मला ऐकू यावे अशा आवाजात म्हणाले, “बघा रे, मोबाईलमधी बी वेस थोरल्या पातीचीच हाय. मान हाय तो. तो काय कुणाला दिल्यानं मिळत न्हाई.” त्यांना त्या खेळातले ओ की ठो कळत नाही. पण त्या वेशीला मान म्हणाले ते स्वतःच. तिथे कडूबाई बसलेल्या होत्या, त्या गावात सगळ्यांत वडील बाई आहेत आणि पोळ्याला मानाच्या बैलाला त्याच ओवाळतात. त्यांनीही ते ऐकले. मी त्याच घडीला ठरवले की ही वेस मी घेणार.

मी भक्तीला फोन करून विचारले की जाळाच्या रेड्याला उठवायला काय लागते. ती म्हणाली की पाण्यातले जित्राब लागते, आणि तेही समुद्रातले. टायडोर नावाचे एक आहे, ते फार ताकदवान, पण ते मोठ्या पाण्याजवळच निघते. परभणी जिल्ह्यात समुद्र कुठला. पण खेळाला मोठे पाणी म्हणजे समुद्रच, असे तिचे म्हणणे पडले. म्हणून मी गिरणी बंद ठेवून एसटीने येलदरीच्या धरणावर गेले. मी कोणाला सांगितले नाही. शेजाऱ्यांनी विचारले तर लेकीकडे जाते म्हणाले.

पहिल्या खेपेला ते पाण्यात वर आले आणि फोनमधले जाळे तोडून गेले. मी परत आले, जाळी जमवली, पुन्हा गेले. पाण्याच्या कडेला एक भोई जाळे नीट करत बसला होता. मी फोन पाण्याकडे धरून उन्हात उभी, हे बघून त्याने विचारले, “बाई, काय धरायलात?” मी त्याला म्हणाले की भाऊबंदाला धरायलेय. त्याने मला बसायला त्याचा डबा पालथा घालून दिला. संध्याकाळच्या एसटीच्या आधी ते माझ्या जाळ्यात आले आणि राहिले.

ते जित्राब दिसायला निळे असते. पाठीवर शिंपल्यासारखे कवच, मिशा, आणि डोक्यावर बैलासारखी दोन शिंगे. खऱ्या समुद्रात असले काही नसते हे मला कळते, मी अडाणी नाही. खेळात आपण धरलेल्या जित्राबाला आपण नाव द्यायचे असते. मी धरणावरच उभी राहून नाव दिले. तोंडाने घेत नाही, पण बोटाने लिहायला कोणाची आडकाठी नाही. मी मालकांचे नाव लिहिले. परतीच्या एसटीत मी ते नाव पुन्हा पुन्हा उघडून बघितले आणि मला रडू आले. जिंतूर येईपर्यंत आले, मग थांबले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गिरणी सुरू करायच्या आधी वेशीत गेले आणि हरिओमचा रेडा उठवला. त्या दिवसापासून आजपर्यंत ती वेस माझ्याकडे आहे. खेळ उघडला की वेशीवर माझे जित्राब दिसते आणि खाली नाव दिसते, सटवाजी. हे नाव जमादार साहेबांनी स्वतःच्या फोनवर तो खेळ उघडून, वाचून लिहिले आहे.

बसलेल्या जित्राबाला रोज घास द्यावा लागतो, नाहीतर त्याची ताकद उतरते. गिरणी वेशीला लागून आहे, त्यामुळे मी गिरणीतूनच देत होते. दुसरे कोणीही देऊ शकते. दळणाला येणाऱ्या बायका दळणाचा डबा खाली ठेवून आधी त्या जित्राबाला घास देत आणि मग नंबर लावत. गावात बोलणे तसेच झाले. कुठे निघालीस, सटवाजीला घास देऊन येते. वेशीत कोण हाय, सटवाजी हाय. मालक जिवंत असताना त्यांचे नाव एवढ्या वेळा कोणी घेतले नव्हते. हे सगळे दिनकररावांच्या कानावर जात होते. जावे म्हणूनच मी केले होते.

पोळ्याच्या आदल्या आठवड्यात मी गावच्या वडीलधाऱ्यांना जाऊन सांगितले की आमच्या पातीचा गेल्या वर्षीचा मान राहिला आहे, तो या पोळ्याला द्या. सगळ्यांनी बघू म्हणून सांगितले. बघू म्हणजे काय ते मला कळते.

पोळ्याच्या दिवशी दुपार उतरल्यावर गावचे बैल वेशीबाहेर जमले. मी गिरणीत होते. माझे बैल सजवून मागच्या दावणीला बांधलेले होते. दिनकररावांची जोडी तोरणापुढे उभी होती. तरण्या पोरांच्या हातात फोन होते आणि “सटवाजीनं वेस अडवली” म्हणत ती चेष्टा करत होती. दिनकरराव कासरा हरिओमच्या हातात देऊन गिरणीत आले. लग्न झाल्यापासून त्यांच्यासमोर मी पदर डोक्यावर घेऊनच बोलले आहे, त्या दिवशीही पदर डोक्यावर होता. ते म्हणाले की तुझे ते जनावर वेशीतून काढ, पोळा फुटायचा आहे, मेलेल्याच्या नावाचा तमाशा नको.

मी त्यांना म्हणाले, “भाऊजी, गेल्या साली तुमी म्हणलात, घरात गडी न्हाई. आता गडी वेशीत बसलाय. तुमच्यात धमक आसंल तर उठवा.”

त्यावर त्यांनी माझ्या हातातला फोन हिसकावला. गिरणीसमोर बैलांना पाणी पाजायचा हौद आहे. तिथे जाऊन त्यांनी तो फोन पाण्यात टाकला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असे म्हणाले, “समुद्रातलं हाय न्हवं. जाऊ दे समुद्रात.” काही जण हसले. दिनकररावांची समजूत अशी की फोन बुडाला म्हणजे जित्राब मेले. त्यांनी हात झटकले आणि आपल्या बैलांकडे गेले. मी हौदात हात घालून फोन काढला. तो बंद पडलेला होता. तो मी आज जमा करत आहे. मला त्या वेळी काय वाटले असे साहेबांनी विचारले. दिनकररावांनी माझ्या मालकांना दुसऱ्यांदा मारले असे वाटले, आणि त्यांनाही त्याच हौदात बुडवावे असे वाटले. मी तसे केले नाही. पण वाटले, ते खोटे कशाला सांगू.

दिनकररावांनी तोरणाखाली जायला कासरा ओढला, तेवढ्यात हरिओम म्हणाला, “बाबा, हाय की अजून. काका वेशीतच हायेत.” त्याने फोन पुढे केला. फोन बुडाला तरी खेळ बुडत नसतो, तो कंपनीकडे असतो. भक्तीने मला हे आधीच सांगितले होते. आजूबाजूच्या पोरांनी आपापले फोन बघितले. सगळ्यांच्या फोनमध्ये वेशीवर ते जित्राब तसेच बसलेले होते.

दिनकररावांनी हरिओमला हुकूम केला की आत्ताच्या आत्ता त्याला उठव. हरिओमने जाळाचा रेडा काढला. सगळ्या गावाने बघितले, रेडा हरला. दिनकरराव म्हणाले, परत कर. परत हरला. मला खेळ कळतो म्हणून हे सांगते. हरिओमकडे विजेचे एक घुबड आहे, मी ते पाहिलेले आहे, आणि पाण्यातल्या जित्राबाला विजेपुढे टिकता येत नाही. त्याने ते घुबड काढले नाही. का काढले नाही ते त्याला विचारावे. मला एवढे ठाऊक आहे की त्याला लहानपणी कासरा धरायला माझ्या मालकांनी शिकवले होते, बापाने नाही.

मग कडूबाई ओवाळणीचे ताट घेऊन पुढे आल्या. त्या दिनकररावांना म्हणाल्या, “दिनकर, तूच पारावर म्हणलास, मोबाईलमधली वेस बी मानाचीच. आमी ऐकलंय. मग वेस सटवाजीची हाय. त्याची जोडी आण ग कुसुम.” दिनकरराव म्हणाले की तो पोरखेळ होता. कडूबाई म्हणाल्या की तुमची वेस होती तवर मान, त्याची झाली की पोरखेळ, हे चालायचं न्हाई. ताट तसेच हातात धरून त्या उभ्या राहिल्या आणि त्यांनी दिनकररावांच्या जोडीला ओवाळले नाही.

मी माझी जोडी आणली. कासरा मीच धरला. मी कोणाला ढकलले नाही, कोणाला शिवी दिली नाही. दिनकररावांचे बैल बाजूला कोणी घेतले ते मी पाहिले, पण ते इथे नको. हौशाने शिंगाने तोरण ओढले हे खरे आहे. ते ओढायचेच असते. कडूबाईंनी ओवाळले, पहिला घास दिला. दिनकररावांच्या अंगावर माझा बैल घातला हे मात्र धादांत खोटे आहे. ते स्वतः मागे सरकताना शेणावर घसरले. त्यांना उचलायला कोणी लवकर गेले नाही, त्यात माझा दोष नाही.

अर्जात म्हटले आहे तसे मी रीत मोडली नाही. रीत त्यांनी मागच्या साली मोडली, मी ती जिथल्या तिथे आणून लावली.

जमादार साहेबांनी मला समजावून सांगितले की दोघे एकाच भावकीतले आहात, मिटवून टाका. मी वेशीतून जित्राब काढावे, दिनकररावांनी नवीन फोन द्यावा आणि अर्ज मागे घ्यावा, असे त्यांनी सुचवले. मला ते मान्य नाही. मला फोन नको. खेळाच्या रीतीने बसलेले जित्राब मला स्वतःला उठवता येत नाही, कोणीतरी हरवले तरच ते माझ्याकडे परत येते. कधी कधी वाटते की यावे. घरात दुसरे कोणी नाही. पण तिथे त्यांचे नाव वेशीवर आहे आणि दिनकररावांना रोज त्याखालून जावे लागते, म्हणून मी मन घट्ट करते. माझी अट एकच आहे. दिनकररावांनी वेशीत उभे राहून, सगळ्या गावासमोर, स्वतःच्या हाताने फोन धरून माझ्या मालकांना घास द्यावा. तोपर्यंत समेट नाही.

पोळ्यापासून माझा फोन बंद आहे. मी दुसऱ्याच्या फोनवर खेळातले माझे खाते उघडून बघते. मी घास दिला नाही तरी त्याची ताकद उतरलेली नाही, कारण रोज सकाळी कोणीतरी न चुकता घास देते. देणाऱ्याचे नाव फक्त मला दिसते. ते नाव मी सांगणार नाही. तो फोन दिनकररावांच्या घरातला आहे, एवढेच लिहावे.

हा जबाब मला मराठीत वाचून दाखवण्यात आला. दिनकरराव आणि हरिओम बाहेर बाकावर बसलेले होते, म्हणून जरा मोठ्याने वाचावा अशी मी साहेबांना विनंती केली, आणि त्यांनी तसा वाचला. शेवटचे वाक्य झाल्यावर हरिओम उठून आत आला आणि म्हणाला, “काकू, नाव टाका. मीच देतो घास.” मी साहेबांना सांगितले की ते त्याने त्याच्या वेगळ्या जबाबात सांगावे, माझ्यात घेऊ नये. तो परत बाहेर गेला नाही, माझ्या खुर्चीमागे उभा राहिला. दारातून बाक दिसत होता. दिनकरराव त्यावर एकटे बसलेले होते. मला फार बरे वाटले. हेही लिहायला लावले, पुन्हा वाचून घेतले, माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर आहे.